गोधडीच्या दुकानातील न लिहिलेली मजुरी

तालुक्याच्या गावांतून आणि मोठ्या शहरांच्या उपनगरांतून 'हाताने शिवलेल्या गोधड्या मिळतील' अशा पाट्या अलीकडे दिसू लागल्या आहेत. दुकान बहुधा लहान असते; राहत्या घराच्या पुढल्या खोलीत किंवा भाड्याच्या एखाद्या गाळ्यात थाटलेले. गल्ल्यावर घरातील कर्ता पुरुष बसतो, माल आणणे-पोचवणे मुलगा पाहतो आणि मागच्या खोलीत सासू, सून व लेक गोधड्या शिवीत असतात. 'घरचाच धंदा, घरचीच माणसे, नोकराचा पगार द्यायला नको. मग तोटा येईलच कसा?' असे म्हणून उद्घाटनाला आलेली मंडळी कौतुक करतात. या व्यवसायाचे खरे दुखणे नेमके या कौतुकातच दडलेले आहे. ज्या दुकानाचा सर्वांत मोठा खर्च वहीत लिहिलाच जात नाही, त्याला तोटा झाला तरी तो दिसणार नाही, आणि नफा झाला तर तो कोणाच्या कष्टातून आला हेही कळणार नाही.

प्रश्न एका दुकानापुरता नाही. सुशिक्षितांना नोकरी मिळणे दुरापास्त झाल्यापासून 'कुटुंबाने मिळून काहीतरी छोटा उद्योग काढावा' हा सल्ला सर्वत्र दिला जातो. पापड, मसाले, शिवणकाम, खानावळ अशा उद्योगांच्या रांगेत आता गोधडीही येऊन बसली आहे. तिचे उदाहरण घेऊन कौटुंबिक धंद्याचे अर्थशास्त्र तपासले, तर अशा सर्वच उद्योगांविषयी काही बोध होण्यासारखा आहे.

बाजाराबाहेरची वस्तू

गोधडी ही मुळात विकावयाची वस्तूच नव्हती. झिजलेली लुगडी, विरलेली धोतरे, मऊ पडलेले जुनेर एकावर एक अंथरावे, कडा टाचून घ्याव्यात आणि धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळींनी ते थर एकजीव करावेत, अशी ही रीत. कोठे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी लहान केली की तिचे दुपटे होते. उन्हाळ्यात शेतीची कामे थंडावली आणि धुतलेली जुनी वस्त्रे कडक उन्हात वाळू लागली, की घराघरांतून हे काम निघे, आणि पहिल्या पावसापूर्वी ते हातावेगळे होई. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर गोधडीला उपयोगमूल्य मोठे होते, विनिमयमूल्य मात्र जवळजवळ नव्हते. गोधडी विकत घेण्याची पाळी येणे हे त्या काळी दैन्याचेच लक्षण मानले गेले असते.

रजईची हकीकत यापेक्षा निराळी आहे. पिंजणाने कापूस पिंजून तो खोळीत भरणारा पिंजारी हा पहिल्यापासून कारागीर होता. त्याची मजुरी ठरलेली असे आणि ती चुकती करावी लागे. आज गावोगाव दिसणारा 'गादी कारखाना' हा त्याच व्यवसायाचा वारस होय. म्हणजे ऊब देणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक पुरुषाच्या हातची, ती बाजारात गेली आणि तिच्या मजुरीला दर आला. दुसरी स्त्रीच्या हातची, ती घरात राहिली आणि तिच्या मजुरीचा प्रश्नच कोणी उपस्थित केला नाही. याला अपवाद होता तो एकट्यादुकट्या निराधार स्त्रीचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाकळा शिवून देऊन ती थोडे धान्य वा चार पैसे मिळवीत असे. या स्त्रीचा विचार पुढे करावाच लागेल.

दरम्यान परिस्थिती पालटली. सुती नऊवारी लुगडे रोजच्या वापरातून मागे पडले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यांना अधिक वाव दिला आणि पुढच्या काळात पॉलिएस्टरच्या साड्यांनी खेडीही व्यापली. या साड्या विरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि सुईखाली सरकतात. गोधडीच्या कामी त्या फारशा येत नाहीत. उरलेसुरले जुने कापड भांड्यांच्या मोबदल्यात बोहारीण घेऊन जाते. दुसरीकडे पानिपतसारख्या केंद्रांतून जुन्या कपड्यांच्या पुनर्वापर केलेल्या धाग्याची स्वस्त ब्लँकेटे देशभर पसरली. परिणामी गरजेची वस्तू म्हणून गोधडी मागे पडली आणि, थोडे चमत्कारिक वाटेल, पण त्याच सुमारास हौसेची वस्तू म्हणून ती पुढे आली. आजीच्या लुगड्याची आठवण, नातवाच्या बारशाचे दुपटे, शहरातील दिवाणखान्यातील पलंगपोस अशा रूपांनी तिला गिऱ्हाईक मिळू लागले. वस्तू बाजारात आली खरी. पण ती शिवणाऱ्या हाताकडे पाहण्याची दृष्टी मात्र बाजाराबाहेरच राहिली.

एका वहीचा हिशेब

ही गोष्ट आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. कोणत्याही दुकानदाराने आपले स्वतःचे आकडे घालून ते पडताळून पाहावेत.

समजा, चांगल्या दाट टाक्याची एक मोठी गोधडी शिवण्यास ६० तास लागतात. आतले थर जुन्या सुती कापडाचे धरले, तर अस्तर, दोरा, जुने कापड मिळवणे आणि धुलाई मिळून ३५० रुपये खर्च येतो. दुकानात ती १,८०० रुपयांना विकली जाते. घरातील तिघी जणी रोज प्रत्येकी ५ तास शिवीत असतील, तर १६० दिवसांत, म्हणजे साधारण फाल्गुनापासून आषाढापर्यंत, ४० गोधड्या होतील. सर्व गोधड्या खपल्या तर ७२,००० रुपये येतील. त्यातून सामानाचे १४,००० रुपये वजा जाता ५८,००० उरतात. गाळ्याचे भाडे महिना ३,००० रुपये धरले, तर वर्षाचे ३६,००० होतात. ते वजा करून २२,००० रुपये शिल्लक राहतात. दुकानदार या रकमेला नफा म्हणतो आणि समाधान मानतो.

आता हीच वही दुसऱ्या पद्धतीने लिहून पाहू. चाळीस गोधड्यांना २,४०० तास लागले. शिल्लक राहिलेले २२,००० रुपये या तासांवर वाटले, तर ताशी ९ रुपयांच्या आसपास पडतात. अकुशल श्रमाचे मोल म्हणून शासनाने ठरविलेला एक दर आपल्यापुढे आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. देशपातळीवर तो २००५ मध्ये आला. या केंद्रीय योजनेखाली महाराष्ट्रासाठी २०२५-२६ या वर्षाचा दैनिक मजुरीदर ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला, तर ताशी ३९ रुपये. याचा अर्थ असा की, माती उचलण्याच्या कामाला शासन जो किमान दर देते, त्याच्या चतुर्थांशापेक्षाही कमी दर त्या दुकानात एका कसबी कामाला पडतो. ३१२ रुपयांच्या दराने ६० तासांची मजुरी २,३४० रुपये होते आणि ४० गोधड्यांची ९३,६०० रुपये. ही रक्कम वहीत लिहिली, तर २२,००० रुपयांचा नफा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी ७१,६०० रुपयांचा तोटा उभा राहतो.

यात दुकानदाराने लबाडी केली असे कोणीही म्हणणार नाही. त्याने केवळ आपल्या घराची रीत वहीत उतरविली. रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव्ह याने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शेतकरी कुटुंबाच्या बाबतीत हेच निदान केले होते. जेथे मजुरी हा खर्चच नसतो, तेथे भांडवली धंद्याचा नफ्या-तोट्याचा हिशेब लागू पडत नाही. कुटुंब आपल्या गरजा भागेपर्यंत स्वतःलाच अधिकाधिक राबवीत राहते, असे त्याचे प्रतिपादन होते. पगारी माणसे ठेवणारा कारखाना ज्या भावाला बंद पडेल, त्या भावाला कौटुंबिक धंदा चालू राहतो. लोक त्याला चिवटपणा म्हणतात. पण हा चिवटपणा कोणाच्या बोटांतून येतो, हे विचारले पाहिजे.

सर्वांत मोठा सावकार

भांडवलाच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिकच उद्बोधक आहे. गोधड्या उन्हाळ्यात शिवल्या जातात आणि त्यांची विक्री दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत होते. म्हणजे माल तयार होणे आणि पैसा हाती येणे यांत सहा-सात महिन्यांचे अंतर पडते. या काळात अडकलेले भांडवल किती, असे विचारले तर दुकानदार सामानाचा १४,००० रुपयांचा आकडा सांगेल. कर्ज मागताना प्रकल्प अहवालातही तोच आकडा, फार तर गाळ्याची अनामत आणि एखादे शिलाई यंत्र जोडून, लिहिला जातो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील 'शिशु' गटाची मर्यादा ५०,००० रुपयांची आहे; एवढ्याशा मागणीला ती पुरेशीच वाटते. परंतु त्याच काळात ९३,६०० रुपयांची मजुरीही अडकून पडलेली असते. ती कोणी दिली? घरातील तिघींनी. व्याज नाही, तारण नाही, परतफेडीची मुदत नाही, चिठ्ठीचपाटीही नाही. बँकेचे कर्ज फेडले नाही तर नोटीस येते; या कर्जाची तर नोंदच नसते. दुकानाच्या पाटीवर कोणाचेही नाव असो, त्या दुकानाचा सर्वांत मोठा सावकार मागच्या खोलीत सुई घेऊन बसलेला आहे.

आपले कायदे आणि योजना यांनीही या रीतीला आधारच दिला आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात 'कर्मचारी' या संज्ञेतून मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती वगळलेली होती. त्यामागील हेतू समजण्यासारखा होता. घरच्या माणसांच्या कामाचे तास मोजण्यासाठी निरीक्षकाने घरात शिरावे, असे कोणालाच वाटणार नाही. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, घरातील बाई कायद्याच्या दृष्टीने कामगारही नव्हती आणि मालकही नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ परंपरागत व्यवसाय समाविष्ट आहेत. त्यांत दर्जी आहे. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय कुटुंबातील एकाच व्यक्तीला तिचा लाभ घेता येतो. जेथे चार हात मिळून एक वस्तू घडवितात, तेथे एकच नाव नोंदवायचे म्हटल्यावर ते बहुधा कोणाचे असेल, हे सांगावयास नको.

श्रमिकांच्या राष्ट्रीय पाहण्यांत 'कौटुंबिक उद्योगातील बिनपगारी मदतनीस' असा एक स्वतंत्र वर्ग असतो. २०२२-२३ च्या पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक स्त्रिया या वर्गात मोडत होत्या. पुरुषांत हेच प्रमाण एक-दशांशाच्या आसपास होते. स्त्रियांचा रोजगार वाढला असे आपण आकड्यांच्या आधारे म्हणतो, तेव्हा त्या वाढीत मोबदल्याशिवाय राबणारे हात किती, हेही पाहणे अगत्याचे आहे. २०२४ च्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे बिनमोल घरकामात घालवितात असे आढळले. गोधडीचे पाच तास या घरकामाच्या जवळजवळ पाच तासांनंतर येतात, हे विसरून चालणार नाही.

दोन आक्षेप

या विवेचनावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, घरच्या कामाला मजुरी कसली लावायची? पैसा शेवटी घरातच राहतो. या खिशातून त्या खिशात टाकून काय साधणार? आक्षेप वरवर पटण्यासारखा आहे. परंतु घर म्हणजे एकच खिसा नव्हे. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कुटुंबातील सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी कसे नांदतात, हे दाखविले आहे. कुटुंबाच्या मिळकतीत कोणाचे योगदान किती, याविषयी घरात जी समजूत असते तिच्यावर त्या व्यक्तीच्या वाट्याला काय येईल हे बऱ्याच अंशी ठरते, असे त्यांचे म्हणणे. 'दुकान मी चालवतो, या मदत करतात' ही समजूत एकदा रुजली, की मुलाच्या शिक्षणाला पैसे निघतात आणि सुनेच्या डोळ्यांच्या चष्म्याला निघत नाहीत. वहीतील एक ओळ ही समजूत एकदम बदलून टाकील असे नाही. परंतु निदान दुसऱ्या समजुतीला जागा करून देईल.

याला व्यवहाराचीही एक बाजू आहे. ज्या वस्तूच्या किमतीत मजुरी धरलेलीच नाही, तिचा धंदा कुटुंबाबाहेर वाढू शकत नाही. लेकीचे लग्न झाले, सुनेला नोकरी लागली किंवा सासूचे डोळे थकले, की तिच्या जागी शेजारच्या बाईला पगारावर बसविण्याची ऐपत त्या किमतीत नसते. मग लोक म्हणतात, 'घरात करणारे कोणी उरले नाही, म्हणून दुकान बंद केले.' वस्तुतः ते दुकान पहिल्या दिवसापासून चुकीच्या भावावर उभे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अर्थशास्त्राच्याच अंगाने येतो. उन्हाळ्यात या स्त्रियांना दुसरे काम नसते. तेव्हा ताशी ९ रुपये का होईनात, मिळाले ते काय वाईट? रिकाम्या वेळेचे मोल शून्य धरले तर हा युक्तिवाद बरोबर आहे. एखाद्या कुटुंबाने पूर्ण जाणीवपूर्वक, हिशेब मांडून कमी मोबदला पत्करला, तर त्याला कोणी अडवू शकणार नाही. अडचण अशी की, त्या कुटुंबाने ठरविलेला भाव त्याच्यापुरता राहत नाही. १,८०० रुपयांची गोधडी त्या बाजारपेठेत एकदा रूढ झाली, की तोच गोधडीचा भाव ठरतो. मग जी विधवा किंवा परित्यक्ता स्त्री केवळ सुईवर पोट भरते, जिच्या घरात दुसरी मिळकत नाही आणि जिच्यासाठी हे काम रिकाम्या वेळेचे नाही, तिलाही त्याच भावाला गोधडी द्यावी लागते. सुखवस्तू कुटुंबाची बिनमोल मजुरी ही अशा रीतीने निराधार स्त्रीच्या मजुरीवर पडलेली कुऱ्हाड ठरते. स्वस्त गोधडी घेऊन 'स्त्रियांच्या उद्योगाला हातभार लावला' असे समाधान मानणाऱ्या गिऱ्हाइकानेही याचा विचार करावा.

रास्त भाव आणि कराची रेघ

मग रास्त भाव कोणता? आपल्या उदाहरणात सामान ३५० रुपये, मजुरी २,३४० रुपये आणि भाड्याचा वाटा ९०० रुपये धरला, तर गोधडी ३,५९० रुपयांना पडते. यात नफा काहीच नाही. दुकानात चादरी, अभ्रे, उशा अशा गिरणीच्या मालाची जोड दिली तर भाड्याचा काही भार तिकडे जाईल; मजुरी मात्र तिकडे ढकलता येणार नाही.

या ठिकाणी शासनाच्या करधोरणाचा एक अनपेक्षित परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांची जी फेररचना झाली, तीत २,५०० रुपयांपर्यंतच्या सुती रजया-गोधड्यांवर ५ टक्के आणि त्याहून महाग असलेल्यांवर १८ टक्के कर ठरला. महाग ती चैनीची, हा त्यामागील तर्क. यंत्राने झपाट्याने शिवलेली १,५०० रुपयांची रजई ७५ रुपये कर भरते. हाताची पूर्ण मजुरी धरून ३,५९० रुपयांना पडणारी गोधडी ६४६ रुपये भरते. हीच गोधडी मजुरी बुडवून १,८०० रुपयांना विकली, तर तीही स्वस्त दरात बसते! म्हणजे किमान मजुरी देणाऱ्याला जादा कर आणि न देणाऱ्याला सवलत. वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असलेल्या लहान माल-विक्रेत्याला नोंदणीची सक्ती साधारणतः नाही, हे खरे. आपले लहान दुकान त्यामुळे तूर्त सुटते. परंतु तोच माल शहरातील नोंदणीकृत मोठ्या दुकानातून विकला जाऊ लागला की कराची ही रेघ आडवी येते, आणि शहरी व्यापारी 'भाव २,५०० च्या आत बसवा' असे सांगू लागतो. तो भाव कोठून कापून बसवायचा, हे उघड आहे. हातशिवणीच्या मालाला किमतीऐवजी कामाच्या स्वरूपावरून कर लावणे न्याय्य होईल.

शहरी व्यापाऱ्याची दुसरी पद्धत जांगडीची. माल ठेवून जायचा, खपेल तेव्हा पैसे मिळणार, न खपल्यास माल परत. लहान उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळावेत अशी तरतूद २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे. परंतु जांगडीवर दिलेल्या मालाची विक्रीच झालेली नसल्यामुळे तिचा उपयोग होत नाही. गोधडीत सामान थोडे आणि मजुरी फार. तेव्हा जांगडीवर अडकते ती व्यापाऱ्याची रक्कम नव्हे, तर शिवणारणीचे श्रम.

काय करता येईल

यावर उपाय मुळीच नाही असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात तसे उदाहरण आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातूनच लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. तिच्या यशाची कारणे अनेक सांगितली जातात. परंतु एक गोष्ट प्रारंभापासून तिच्या घडणीत आहे. लाटणाऱ्या प्रत्येक बहिणीला तिच्या कामाची लाटणावळ मिळते आणि तीच संस्थेची मालकही असते. आधी मजुरी, मग नफा, आणि नफ्यातही वाटा, हा तो क्रम. पापडाला जे जमले ते गोधडीला जमू नये असे नाही. बचत गटांना आणि लहान कौटुंबिक दुकानांनाही हा क्रम आचरता येईल.

गोधडीच्या दुकानाने काय विकावे, याचाही फेरविचार हवा. अमेरिकेत मिसुरी राज्यातील हॅमिल्टन नावाच्या अगदी छोट्या गावात २००८ मध्ये एका कुटुंबाने असेच दुकान काढले. पुढे त्याचा मोठा व्याप झाला. तेथे मुख्य विक्री तयार गोधड्यांची नाही. गोधडीसाठी लागणारे कापड, दोरा, साधने ते दुकान विकते, आणि गोधडी कशी शिवावी याचे धडे चित्रफितींतून मोफत दाखविते. तेथील गिऱ्हाईक फुरसतीची हौस म्हणून स्वतःच शिवते. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. येथे फुरसत विरळा आणि काम शोधणारे हात पुष्कळ. तरीही त्यातून घेण्यासारखे एवढे की, गोधडीतील ज्ञान हीसुद्धा विकण्याजोगी वस्तू आहे. शिवण शिकविण्याचे वर्ग, निवडलेले सुती कापड, गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या साड्यांची मागणीनुसार शिलाई अशा कामांत माल साठवून ठेवावा लागत नाही. मागणीनुसार शिवायचे असेल तेव्हा निम्मी मजुरी आगाऊ घेता येते, आणि गिऱ्हाईकही कापडाचे नव्हे तर कामाचेच मोल देत असल्यामुळे तासांचा हिशेब त्याला समजावून सांगणे सोपे जाते. रोजच्या वापरासाठी यंत्रावर शिवलेली स्वस्त गोधडीही दुकानात ठेवावी. मात्र ती यंत्राची आहे हे स्पष्ट सांगावे. ब्लँकेटशी भावात स्पर्धा करणे हातशिवणीच्या गोधडीचे काम नव्हे.

मालकीच्या बाबतीत १९३२ चा भागीदारी कायदा पुरेसा आहे. सासू, सून, लेक यांना लेखी करारनाम्याने भागीदार करून घेता येते, करारात काम करणाऱ्या भागीदाराचा मेहनताना लिहिता येतो, आणि बँकेचे खाते संयुक्त सहीने चालविता येते. बँकांनी आपल्या छापील प्रकल्प अहवालात 'कुटुंबीयांची मजुरी' असा एक रकाना घालावा. तो भरल्याशिवाय खेळत्या भांडवलाची मागणी पुरी समजू नये. विश्वकर्मासारख्या योजनेत एका कुटुंबातून एकच नाव ही अट निदान सामूहिक कारागिरीच्या व्यवसायांपुरती सैल करावी. यांपैकी कशालाही मोठा निधी लागणार नाही.

परंतु पहिली सुरुवात दुकानातच व्हावयास हवी. प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी लावावी. तीवर ती कोणी शिवली आणि किती तास लागले एवढेच असावे. त्या तासांची मजुरी महिन्याच्या महिन्याला त्या त्या बाईच्या खात्यात जमा व्हावी. सुरुवातीला दुकानाची ऐपत नसेल तर अर्धी द्यावी, आणि उरलेली 'दुकानाचे देणे' म्हणून तिच्या नावावर लिहावी. देणे लिहिले गेले की ते कधीतरी फेडावे लागते; किंवा निदान भाव ठरविताना ते डोळ्यांसमोर येते. असे केल्यावर काही दुकाने तोट्यात दिसतील, काही कुटुंबे हा धंदा काढण्याचा बेत सोडूनही देतील. त्यात वाईट काही नाही. बुडीत धंदा वेळीच ओळखणे हाही हिशेबाचाच उपयोग आहे.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो. गोधडीचे दुकान काढणाऱ्या कुटुंबाने या वहीत गाळ्याच्या भाड्याआधी आणि दोऱ्याच्या खर्चाआधी शिवणाऱ्या स्त्रियांची नावे लिहून त्यांच्यापुढे मजुरीचा रकाना आखावा. त्यानंतर जे उरेल त्यालाच नफा म्हणता येईल.